क्लब लावला, मीटिंगही चुकवत नाही. तरी भीती का जात नाही?

‘मॅडम, भाषणाचा सराव करायचा म्हणून टोस्टमास्टर्स क्लब लावून बरेच महिने झाले. एकही मीटिंग चुकवली नाही. तरी माईकसमोर जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. मग उपयोग काय त्याचा?’

नाशिकमध्ये हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. विचारणारे कधी अंबड-सातपूरच्या कंपनीतले इंजिनिअर असतात, कधी बढती मिळालेल्या बँकेतल्या ताई, कधी कॉलेज रोडवर क्लास चालवणारे सर. उत्तरादाखल एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती कृषी पदवीधर. दिंडोरी-निफाड भागातल्या द्राक्ष बागायतदारांना सल्ला देणाऱ्या एका कंपनीत काम करायची. बागेत मांडवाखाली उभी राहिली की तिच्यासारखं बोलणारं कुणी नाही, असं तिचे साहेबच म्हणायचे. पान उलटं करून मागच्या बाजूची पांढरी बुरशी दाखवायची, ‘काका, ही भुरी नाही, डाऊनी आहे, औषध वेगळं लागेल’ असं ठणकावून सांगायची. साठीतले शेतकरी तिचं ऐकायचे, ताई म्हणून फोन करायचे. पण त्याच शेतकऱ्यांना मंगल कार्यालयात खुर्च्यांवर बसवलं आणि निवेदकाने ‘आता मॅडम मार्गदर्शन करतील’ म्हटलं की हिची वाचा बसायची. एका मेळाव्यात तिने ‘सर जास्त चांगलं सांगतील’ म्हणून माईक शेजारी सरकवला होता. पुढच्या फळछाटणीच्या आधीचे मेळावे तिनेच घ्यायचे, असं कंपनीने ठरवल्यावर ती माझ्याकडे आली.

क्लब तिने आधीच लावला होता. मी तिला एवढंच विचारलं, ‘मीटिंगमध्ये तुम्ही नेमकं काय करता?’ पुढच्या वेळी ती मोबाईलमध्ये जपून ठेवलेल्या कार्यक्रमपत्रिका घेऊन आली. एकेक उघडून पाहिली. जवळपास प्रत्येकीत तिच्या नावापुढे एकच काम होतं: टायमर.

ज्यांनी असा क्लब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९२४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी राल्फ स्मेडली या गृहस्थांनी वायएमसीएच्या इमारतीत तरुणांना जमवून पाळीपाळीने बोलायला आणि एकमेकांच्या बोलण्यावर अभिप्राय द्यायला लावलं. आजही रीत तीच आहे. शिकवणारे सर कोणी नसतात. दर सभेला कामं वाटून घेतली जातात. कोणी सूत्रसंचालन करतो, कोणी तयारीचं भाषण देतो, कोणी त्या भाषणाचं दोन-तीन मिनिटांत मूल्यमापन करतो. टेबल टॉपिक्समध्ये आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं असतं. बोलताना कोण किती वेळा ‘अं’ करतो, तेही एक जण मोजत बसतो. टायमर घड्याळ लावतो आणि वेळेप्रमाणे हिरवं, पिवळं, लाल कार्ड दाखवतो. शेवटी त्याने उभं राहून कागदावरून वाचायचं, ‘पहिले वक्ते, पाच मिनिटं बावीस सेकंद.’ झालं काम.

म्हणजे हजेरी शंभर टक्के आणि बोलणं अर्ध्या मिनिटाचं, तेही वाचून. तिने हे मुद्दाम केलं नव्हतं. कामं वाटताना ‘टायमर कोण?’ असा प्रश्न आला की तिचा हात आपोआप वर जायचा आणि क्लबातली मंडळी खूश व्हायची. उत्साही, मदतीला तत्पर, कधी न चुकणारी सभासद! भीती टाळायच्या या प्रकाराला बाहेरून नेहमीच चांगलं नाव मिळतं, म्हणून तो लवकर ध्यानात येत नाही.

तिने एकदाच तयारीचं भाषण केलं होतं, स्वतःची ओळख करून देणारं पहिलं. त्यालाही ती ‘माझ्याच्याने होत नाही’ याचा पुरावा म्हणून धरून बसली होती. ते भाषण मी तिला माझ्यासमोर उभं राहून, त्या दिवशीसारखंच करून दाखवायला सांगितलं. ती उठली, गळ्याभोवती स्कार्फ घट्ट केला, चार घड्या घातलेला फुलस्केप कागद उलगडून दोन्ही हातांत छातीशी धरला आणि माझ्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे बघत रेल्वे सुटल्यासारखी बोलायला लागली. कागद थरथरत होता. एवढा मोठा कागद हातात असेल तर बोटांचा बारीक कंपही शेवटच्या रांगेपर्यंत दिसतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

‘स्कार्फ कशाला?’
‘घाबरले की गळ्यावर लाल चट्टे येतात. लोकांना दिसू नयेत म्हणून.’
‘भिंतीकडे का बघता?’
‘लोकांचे चेहरे बघितले तर मध्येच थांबेन.’
‘आणि एवढं भराभर?’
‘लवकर संपावं म्हणून.’

या सगळ्या कुबड्या आहेत. त्यांची गंमत अशी की भाषण नीट पार पडलं तरी श्रेय त्यांनाच जातं. स्कार्फ होता म्हणून वाचले, कागद होता म्हणून निभावलं. माणसाला स्वतःचा अनुभव येतच नाही आणि मनातला अंदाज तसाच राहतो. क्लबातल्या टाळ्यांचंही तेच झालं होतं. ‘ते काय, सगळ्यांनाच वाजवतात,’ असं ती म्हणाली. खरं होतं ते. अशा क्लबात टाळ्या हा शिष्टाचार असतो, भित्र्या माणसाला त्या पुरत नाहीत.

मग आम्ही दोन कामं हातात घेतली.

पहिलं काम वहीचं. सभेला जाण्याआधी लिहायचं: आज काय होईल असं वाटतं? ‘भीती वाटेल’ असं मोघम लिहायचं नाही, डोळ्यांनी पाहता किंवा कानांनी ऐकता येईल असं लिहायचं. तिने लिहिलं, ‘दुसऱ्या वाक्यानंतर शब्द सापडणार नाहीत. समोरचे एकमेकांकडे बघून हसतील. गळा लाल झालेला कोणीतरी बोलून दाखवेल.’ घरी आल्यावर प्रत्येक ओळीसमोर घडलं की नाही, तेवढंच लिहायचं. याला कारण होतं. गंगापूर रोडवरून इंदिरानगरला स्कूटीवर परतताना तिचं पोस्टमार्टेम सुरू व्हायचं. कुठे अडखळले, कोणी मोबाईल बघितला, अध्यक्षांनी मान का हलवली नाही. सिग्नलगणिक भाषण आणखी वाईट होत जायचं आणि घरी पोचेपर्यंत सभेत घडलेलं आणि मनात घडलेलं यांची पार सरमिसळ झालेली असायची. वहीत उत्तर लिहायचं असल्याने सभेतच डोळे उघडे ठेवणं भाग पडलं. कोण हसतंय हे बघायला भिंतीवरची नजर खाली आणावीच लागते.

दुसरं काम कुबड्या काढायचं, एका वेळी एक. सगळ्या एकदम टाकून द्या, असं सांगणारे सल्लागार आहेत, पण माझं मत तसं नाही. आधी कागद गेला. त्याऐवजी फक्त चार शब्दांचं एक कार्ड, तेही टेबलावर, हातात नाही. मग वेग: प्रत्येक मुद्द्यानंतर एका माणसाकडे बघून श्वास सोडायचा, मगच पुढचं वाक्य. स्कार्फ तिने शेवटपर्यंत राखून ठेवला होता.

ज्या दिवशी स्कार्फ घरी ठेवून गेली, त्या दिवशी मूल्यमापन करणाऱ्याला तिने नंतर विचारायचं असं ठरलं होतं, ‘मी घाबरलेली दिसत होते का?’ त्या गृहस्थांनी विचार करून सांगितलं, ‘सुरुवातीला थोडं घाईत वाटलं. पण शेतकऱ्याचा किस्सा मस्त होता. शेवटचं वाक्य मात्र गिळलंत.’ गळ्याचं नावच नाही. तिने पुन्हा स्पष्ट विचारलं, तर ते म्हणाले, ‘गळ्याला काय झालंय?’

केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांचा २००३ मधला एक अभ्यास मी तिला या प्रसंगानंतर सांगितला, आधी नाही. त्यांनी भाषण करणाऱ्यांना विचारलं, तुम्ही किती घाबरलेले दिसलात? तोच प्रश्न ऐकणाऱ्यांनाही विचारला. वक्त्यांना वाटत होतं त्यापेक्षा ऐकणाऱ्यांना त्यांची घबराट कमी दिसली होती. आतली धडधड आपल्याला इतकी मोठी ऐकू येते की ती बाहेरही ऐकू जात असणार, असं आपण धरून चालतो. पुढची गोष्ट जास्त कामाची आहे: हे ज्यांना भाषणाआधीच समजावून सांगितलं होतं, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली.

आता वेळेबद्दल, कारण क्लबात जाणारे इथे हमखास फसतात. बोलण्याची भीती सुरू होण्याच्या क्षणी आणि पहिल्या मिनिटाच्या आसपास सर्वांत जास्त असते. अ‍ॅड्रेनलिन चढलेलं असतं, तोंड कोरडं पडतं, हात गार पडतात. बोलत राहिलं की ती हळूहळू उतरते. टायमरचा अहवाल वाचून तुम्ही खाली बसता तेव्हा भीती शिखरावर असते. मेंदू नोंद करतो ती ‘बसलो म्हणून सुटलो’ अशी. टेबल टॉपिक्सचं एक-दोन मिनिटांचं बोलणं त्याहून बरं, शिवाय तिथे पाठ करून जायची सोय नसते. पण उतार अनुभवायचा तर पाच-सात मिनिटांचं भाषण हवं. तिच्या वहीत हे आपसूक उतरलं: ‘पिवळं कार्ड दिसलं तेव्हा कळलं की मघापासून मी गळ्याचा विचारच केला नाही.’

‘अं’ मोजणाऱ्याचं काय? हा प्रकार नवख्या, घाबरट माणसाला सुरुवातीला मानवत नाही, असं माझं मत आहे. क्लबवाल्यांना ते आवडणार नाही. पण जो आधीच स्वतःवर पहारा ठेवून बोलतोय, त्याच्यावर आणखी एक पहारेकरी कशाला? पहिली काही भाषणं ‘माझे अं मला सांगू नका’ अशी विनंती करावी. कोणी नाही म्हणत नाही.

तिच्या बाबतीत भाषेचाही गुंता होता. क्लब इंग्रजीत चालायचा, मेळावे मराठीत. माईकची भीती आणि इंग्रजीत चुकण्याची भीती एकत्र वळली गेली होती. त्यातली कुठली किती, हे तिलाही सांगता येत नव्हतं. लहानपणी वडिलांबरोबर मे महिन्यात गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसलेली ही मुलगी. हातात चिठोरंही न घेता तासभर बोलणारे वक्ते तिने तिथे ऐकले होते आणि बोलणं म्हणजे तसं, नाहीतर गप्प बसणं, असं काहीसं मनात बसलं होतं. एका सभेत तिने टेबल टॉपिक मराठीत घ्यायची परवानगी मागितली. क्लबने हसत दिली. त्या दिवशी ती डाऊनी आणि भुरीतला फरक दोन मिनिटांत सांगून गेली आणि लाल कार्ड दाखवल्यावरच थांबली.

पुढे मेळाव्याचा दिवस आला. तिने विचारलं, ‘बागेतलं रोगट पान घेऊन जाऊ का, की तीही कुबडीच?’ प्रश्न चांगला होता. कागद ती स्वतःला लपवायला धरायची. पान लोकांना दाखवायला धरायचं होतं. घेऊन जा, म्हटलं. ती गेली, पान उलटं धरून उभी राहिली आणि पहिल्याच मिनिटाला घसा इतका कोरडा पडला की पाणी मागावं लागलं. समोरच्या रांगेतले एक काका उठून बाटली देऊन गेले आणि बसता बसता त्यांनी विचारलं, ‘पावसाची भुरभुर असली तर फवारणी कधी घ्यायची ताई?’ तिथून बोलणं बागेतल्यासारखं सुरू झालं. नंतर वहीत तिने भीतीला शंभरपैकी साठ गुण दिले होते. आधी नव्वदच्या खाली येत नव्हते.

साठ म्हणजे कमी नाही, हे मी तिलाही सांगितलं. भीती शून्यावर येईल आणि मग मी बोलेन, असा हिशेब करणाऱ्यांचा मेळावा कधी भरत नाही.

सगळ्यांनी क्लबच गाठावा असंही नाही. फोन घेणं, चारचौघांत जेवणं, दुकानात भाव विचारणं यांचीही धास्ती असेल, बोलण्याआधी दारूचा आधार लागत असेल, किंवा या भीतीपायी नोकरी-शिक्षण सोडायची वेळ आली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. क्लब त्याच्या जोडीला ठेवा. तोतरेपणा असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ हवा. धडधड कमी करणाऱ्या प्रोप्रॅनोलॉलच्या गोळ्या कोणीतरी दिल्या म्हणून परस्पर घेऊ नका, दमा असणाऱ्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात.

द्राक्षाचा हंगाम लागला की तिचं क्लबला जाणं सुटतं. छाटणीपासून माल निघेपर्यंत बागा सोडून शहरात यायला वेळ कुठला? पहिल्या खंडानंतर भीती पुन्हा वर चढली तेव्हा ती रडवेली होऊन आली होती, ‘सगळं पाण्यात गेलं’ म्हणत. पाण्यात काही जात नाही. खंड पडला की जुनी भीती डोकं वर काढते, पण दुसऱ्या खेपेला ती लवकर उतरते. तिचीही उतरली. आता तिने सभेतली भाषणं ठरवणाऱ्या क्लबच्या शिक्षण-उपाध्यक्षांना सांगून हंगाम संपल्यानंतरच्या पहिल्याच सभेत आपलं भाषण आधीच लावून ठेवलं आहे. आणि टायमरसाठी आपलं नाव घ्यायचं नाही, असंही बजावलं आहे.