रानमोडी दरवर्षी तोडतो, जाळतो, तरी परत येते. आता फवारणी करू की जेसीबी लावू?

राजापूरकडची तीन एकर वरकस जमीन, वडील गेल्यापासून पडीक. दर शिमग्याला गावी जाऊन माणसं लावता, रानमोडीचं तण तोडून जाळता आणि गणपतीला गेलात की ती परत पुरुषभर. आता तिथे काजू लावायचाय. एवढं तुमच्या प्रश्नावरून समजलं.

फवारणी आणि जेसीबी दोन्ही राहू दे. आधी तोडायची वेळ बदला.

रानमोडी डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि पुढच्या दोन महिन्यांत तिचं बी म्हातारीसारखं उडतं. म्हणजे शिमग्याला तुम्ही कोयती घालता तेव्हा पुढच्या वर्षाची पेरणी होऊन गेलेली असते. राहिलेलं बी गड्यांच्या कपड्यांना चिकटून सगळ्या भाटल्यात फिरतं. वर आग लावली की गवत आणि आपोआप आलेली ऐन-किंजळीची रोपं जळतात, रानमोडीची मुळं मात्र जमिनीखाली शाबूत राहतात. पहिल्या पावसात तिला रान मोकळं! मीही हे केलंय. लांज्याजवळच्या आमच्या जागेत एका मार्चात लावलेली आग दुपारी वारा फिरल्यावर गडगा ओलांडून गेली आणि शेजाऱ्याची बारा काजू कलमं भाजली. भरपाई दिली, पण बोलणी अजून खातोय.

जेसीबीचं म्हणाल तर आपल्याकडे जांभ्यावर माती असते वीतभर. ती उकरून ठेवलीत तर तीन हजार मिलिमीटर पावसात पऱ्याला, म्हणजे ओढ्याला जाते, आणि जी उरते तिच्यात पुरलेलं बी वर येऊन रुजतं.

आता काय करायचं ते. गणपतीला जाताच ना, तेव्हा दोन दिवस जास्त काढा. जमीन भिजून मऊ असते. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतचं झाड टिकावाने सैल करून मुळासकट ओढा. नुसतं हाताने ओढलंत तर ते मानेशी तुटतं. एक उपटून नीट बघा: खोड जमिनीत शिरतं तिथे गाठीगाठींचा गड्डा असतो आणि त्यावर बारीक डोळे असतात. तो आत राहिला तर एकाच्या जागी चार-पाच फुटवे येतात. (ओळखीची खूण सांगतो. पान चुरगळलं की उग्र वास येतो आणि पानावर तीन शिरा त्रिशूळासारख्या दिसतात.) उपटलेली झाडं मुळं वर करून दगडावर टाका, ओल्या मातीत पडली तर परत जीव धरतात. जुनी जाड झुडपं त्या वेळी बुंध्याशी कापून सोडून द्या. फुलं आलेली नसतात, त्यामुळे कलमं लावल्यावर हा पाला त्यांच्या आळ्यात खुशाल घाला. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, निदान मातीच्या तरी कामी येईल.

दुसरी फेरी दसरा-दिवाळीत. कापलेल्या खुंटांना हातभर कोवळे फुटवे आलेले असतात. मोजके असतील तर खणून काढा. खूपच असतील तर तेवढ्यांवरच ग्लायफोसेट हे तणनाशक, सगळ्या रानावर नाही. कोवळं पान ते औषध मुळापर्यंत नेतं, जून झाडावर फवारून पैसे वाया जातात. पाणी स्वच्छ घ्या. पऱ्याचं गढूळ पाणी घेतलंत तर औषध त्यातल्या मातीलाच धरून बसतं. फवारा बाजूला उडू नये म्हणून नोझलला टोपी लावा. आपल्याकडे त्याची नोंदणी चहामळे आणि पीक नसलेली जागा एवढ्यापुरतीच आहे, म्हणून फवारायचं ते काजू लावण्याआधी, आणि विहीर-पऱ्यापासून लांब. लावल्यानंतर मारलंत आणि लहान कलमाच्या हिरव्या सालीवर उडालं तर कलम गेलंच समजा.

एवढं करून जागा उघडी ठेवलीत तर सगळी मेहनत फुकट. रानमोडीला सावली सोसत नाही. काजू सात-सात मीटरवर लावला तर त्याची सावली जुळायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर मधली जमीन कशाने तरी झाकलेली हवी. मी पावसाळ्यात चवळी आणि नाचणी घेतो आणि गडग्याकडेने गिरिपुष्पाच्या काठ्या रोवल्यात. चवळी रानडुकरं आणि माकडं अर्धी खातात, पण जमीन तर झाकते. जिथे काहीच जमत नाही तिथे गवत वाढू द्या. गवत हा शत्रू नाही, ब्रश कटरने दोनदा बेणणी केली की पुरतं.

मित्रकिड्यांचंही कोणीतरी सुचवेल. रानमोडीच्या खोडावर गाठी आणणारी एक माशी इंडोनेशियातून बंगळूरला आणून सोडलेली आहे. ती झाडाचा जोर कमी करते, झाड संपवत नाही. तिच्या भरवशावर कोयती खाली ठेवू नका.

मधे घाणेरीही असेल. तिला वरून तोडू नका. दिल्लीचे पर्यावरणशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांची पद्धत आहे: मातीखाली दोन बोटं मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं टाकायचं. जमीन ओली असताना मला ही जमली, उन्हाळ्यात नाही.

पहिल्या वर्षी माणसं जास्त लागतील, शिमग्याच्या खर्चापेक्षा नक्कीच जास्त. दुसऱ्या वर्षी निम्मी. तिसऱ्या वर्षी आम्ही दोघं भाऊच एका सकाळी फिरून रोपं उपटत होतो. बी मात्र शेजारच्या पडीक जागेतून येतच राहतं. आमचा शेजारी मुंबईला असतो, तोच तो, कलमं भाजलेला. नोव्हेंबर संपायच्या आत त्याला फोन करून विचारतो आणि गडग्यापलीकडचा दहा हातांचा पट्टा मीच कापून टाकतो.