ई-इनव्हॉइस : बटण कुणी दाबायचं, तपासायचं कुणी?

वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून घेणं, लागू झालं. तेव्हा विचारणा असायची ती पोर्टल कसं उघडायचं, क्यूआर कोड कुठे छापायचा याची. आता येणारे बहुतेक प्रश्न ऑफिसातल्या माणसांबद्दलचे असतात. त्यातले पाच या वेळी घेतले आहेत.

शिरोली एमआयडीसीत आमचा मशिनिंगचा कारखाना आहे. उलाढाल साडेसात कोटी. ऑफिसात एक अकाउंटंट, एक डिस्पॅच पाहणारा आणि एक स्टोअरकीपर. ई-इनव्हॉइसचं सगळं अकाउंटंटकडे आहे. तो रजेवर गेला की गाड्या गेटवर उभ्या राहतात. कामं कशी वाटावीत?

माणसं पुरेशी आहेत, वाटणी चुकली आहे. आयआरएन (पोर्टल बिलाला देतं तो नोंदणी क्रमांक) निघाला की बिल सरकारदरबारी नोंदलं गेलं. त्यानंतर त्यात एक अक्षरही बदलता येत नाही, रद्द करायचं तर सगळं बिल रद्द करावं लागतं. म्हणून आयआरएनच्या आधी बिलाला किमान दोघांची नजर लागली पाहिजे, आणि वाटणी त्याच हिशेबाने करायची.

मास्टर, म्हणजे पार्ट्यांची आणि मालाची मूळ माहिती, अकाउंटंटकडेच ठेवा. पार्टीचा जीएसटी नंबर, पत्ता, पिनकोड, मालाचा एचएसएन, म्हणजे वर्गवारीचा कोड (तुमच्या उलाढालीला तो सहा अंकी लागतो), युनिट, कराचा दर हे त्याच्याशिवाय कुणी बदलायचं नाही. नवी पार्टी आली की तिचं नोंदणी प्रमाणपत्र मागवायचं, नंबर जीएसटी पोर्टलवर शोधून पाहायचा आणि मगच लेजर (पार्टीचं खातं) उघडायचं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या नंबरावरून लेजर उघडणं बंद.

बिल मात्र डिस्पॅचवाल्याने करावं. गाडीत काय चढलं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. बऱ्याच मालकांना हे पटत नाही, ‘त्याला अकाउंट्स कुठे येतं?’ म्हणतात. पण मास्टर नीट असेल तर बिल करायला अकाउंट्स यावं लागत नाही. पार्टी निवडायची, माल निवडायचा, नग टाकायचे.

तिसरी नजर स्टोअरकीपरची. आयआरएन काढण्याआधी त्याने बिल स्क्रीनवर बघायचं आणि चलान व पीओशी (पार्टीच्या खरेदी ऑर्डरशी) ताडायचं. नग, दर, पीओ नंबर आणि कर राज्यातला सीजीएसटी-एसजीएसटी लागलाय की परराज्यातला आयजीएसटी, एवढंच. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांनी पीओ नंबरावर विशेष लक्ष द्यावं. बाकी सगळं बरोबर असूनही केवळ त्या एका आकड्यापायी गाडी गेटवरून परत येते.

रजेचं म्हणाल, तर या वाटणीनंतर अकाउंटंट नसला तरी जुन्या पार्ट्यांची बिलं निघत राहतील. नवं लेजर लागलंच तर ते तुम्ही स्वतः उघडायचं, त्यासाठी एकदा त्याच्या शेजारी बसून शिकून घ्या. कुणाच्या जागी कोण, हे कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण तोंडी ठरलेलं रजेच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

जाता जाता एक. तुमच्याकडे जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने काम) असणारच. जॉबवर्कचा माल डिलिव्हरी चलानवर जातो, त्या चलानाला आयआरएन नसतो. पण मजुरीचं बिल नोंदणीकृत पार्टीला केलं की त्याला तो लागतो. हा फरक डिस्पॅचवाल्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

भिवंडीत आमचं होलसेलचं गोडाऊन आहे. पोर्टलचा आयडी-पासवर्ड एकच आहे, सगळे तोच वापरतात. ओटीपी माझ्या मोबाइलवर येतो. मी प्रवासात असलो की मुलं ओटीपीसाठी फोनवर फोन करतात. हा नंबर बदलून मॅनेजरचा द्यावा का?

मुळीच नको. उद्या मॅनेजर नोकरी सोडून गेला तर ओटीपीसुद्धा त्याच्याबरोबर जाईल.

१ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी लागणारं ऑनलाइन बिल) आणि ई-इनव्हॉइस पोर्टलवर लॉगिन करताना पासवर्डबरोबर ओटीपी सगळ्यांनाच सक्तीचा आहे. त्यावरचा मार्ग पोर्टलवरच दिलेला आहे. मुख्य खात्याखाली सब-यूजर तयार करा. प्रत्येकाचा आयडी वेगळा, मोबाइल नंबर त्याचा, ओटीपीही त्यालाच. कुणाला काय करू द्यायचं तेही ठरवता येतं. गोडाऊनच्या मुलांना बिलं करू द्या, रद्द करण्याचा अधिकार मात्र तुमच्याकडे आणि अकाउंटंटकडेच असू द्या. माणूस गेला की त्याच दिवशी त्याचा आयडी गोठवा.

एकाच आयडीने सगळे काम करत असतील तर रात्री दहा वाजता बिल कुणी रद्द केलं हे शोधून काढायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. मला विचाराल तर ओटीपीच्या फोनांपेक्षा हा त्रास मोठा आहे.

सांगलीहून आम्ही मसाला कंपन्यांना हळद पाठवतो. एका कंपनीचे पुण्यात आणि गुजरातेत असे दोन कारखाने. माल पुण्याला गेला, बिल झालं गुजरातच्या नंबरवर. चार दिवसांनी कळलं. बिल करणाऱ्या मुलाच्या पगारातून नुकसान कापावं का?

आधी बिलाचं बघू. आयआरएन निघाल्यापासून २४ तासांच्या आत बिल रद्द करता येतं, ती वेळ तुमची निघून गेली. आता गुजरातच्या नंबरवर पूर्ण रकमेची क्रेडिट नोट, म्हणजे ते बिल उलटवणारी नोंद, करा (तिलाही आयआरएन लागतो) आणि पुण्याच्या नंबरवर नवं बिल, नव्या क्रमांकाने. पण त्याआधी कंपनीच्या अकाउंट्सला फोन करा. त्यांच्या गुजरातच्या खात्यात तुमचं बिल दिसत असणार, त्यांनी काय केलंय ते विचारून घ्या. महिना उलटला असेल तर कर आणि व्याज कोणत्या महिन्यात धरायचं ते सीएंना विचारा.

आता मुलाचं. तुमच्या टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्या कंपनीची दोन लेजर आहेत आणि दोघांची नावं सारखी असणार, मी पैजेवर सांगतो. एकाच कंपनीच्या दोन राज्यांतल्या जीएसटी नंबरांत मधली दहा अक्षरं पॅनची, म्हणून तीच असतात. सुरुवातीचे दोन आकडे तेवढे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. पोर्टलनेही ते बिल अडवलं नाही, कारण गुजरातचा नंबर, पत्ता आणि पिनकोड आपापसांत जुळत होते. सारख्या दिसणाऱ्या दोन नावांतून घाईत एक निवडलं, एवढाच मुलाचा गुन्हा. पगार कापू नका. लेजरच्या नावातच ‘पुणे २७’, ‘गुजरात २४’ असं घाला.

आणि चार दिवस ते कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, हे स्वतःला विचारा. बिल न करणाऱ्या एकाने रोज सकाळी अकराच्या आत आदल्या दिवसाची यादी बघितली पाहिजे. संध्याकाळी सहाला निघालेलं बिल असेल तर तेव्हा रद्द करायला सात तास हातात असतात. शनिवारची बिलं शनिवारीच दुकान बंद करण्याआधी बघायची, कारण सोमवारी मुदत गेलेली असते. ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं, त्यालाही २४ तासच. वाटेत अधिकाऱ्याने गाडी तपासली असेल तर ते रद्द होत नाही, मग आयआरएनही होत नाही.

जीएसटीचं सगळं आमचे सीए बघतात. मग ही जबाबदारी त्यांचीच ना?

नाही. सीएंकडे तुमची बिलं महिनाअखेरीला पोहोचतात, आयआरएन माल निघताना लागतो. जीएसटीच्या नियम ४८(५) प्रमाणे, ज्याला ई-इनव्हॉइस लागू आहे त्याचं आयआरएनशिवायचं बिल हे बिलच धरलं जात नाही. दंड १० हजार रुपये किंवा कराची रक्कम, यांपैकी जास्त असेल तो, आणि नोटीस तुमच्या नावाने येते. सीएंना फार तर दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पोर्टलवरची यादी आणि तुमचं विक्री रजिस्टर जुळवून द्यायला सांगा, म्हणजे अकरा तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरताना धावपळ होत नाही.

कुडाळला आम्ही दोघं नवरा-बायको काजू प्रक्रियेचा व्यवसाय करतो. नोकर हंगामापुरते. उलाढाल साडेतीन कोटी, म्हणजे आम्हाला ई-इनव्हॉइस नाही ना? २०१८-१९ मध्ये मात्र एकदा साडेपाच कोटी झाली होती.

बरं झालं ते शेवटचं वाक्य लिहिलंत. २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर ई-इनव्हॉइस लागू होतं, नंतर खाली आली तरी सुटका नाही. तेही एका पॅनवरच्या सगळ्या नोंदण्या मिळून. म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून तुम्हाला ते लागू आहे. दुकानात पर्यटकांना किरकोळ विकता त्या बिलांना नाही, पण गोव्याच्या नि मुंबईच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांना जाणाऱ्या प्रत्येक बिलाला आहे. त्या व्यापाऱ्यांचं इनपुट क्रेडिटही (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) यामुळे अडकू शकतं.

ई-इनव्हॉइस पोर्टलवर तुमचा नंबर टाकून नोंद चालू आहे का ते आजच बघा आणि मागच्या बिलांचं काय करायचं ते सीएंशी बसून ठरवा. ३० दिवसांत आयआरएन काढण्याची अट १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी आणि त्यावरच्यांना आहे, तुम्हाला ती नाही. यापुढे एकाने बिल करायचं, दुसऱ्याने आयआरएनआधी बघायचं. हंगामात दोघांपैकी एक काजू खरेदीला बाहेर असेल तर बिलाचा फोटो मागवून घ्यायचा, आणि उत्तर आल्याशिवाय बटण दाबायचं नाही.