मागून बसलेली पिकअप: आधी काटा, मग पाटे, मग शॉकअप

प्रश्न: सर, माझी डबल केबिन पिकअप आहे, पुढे कॉइल स्प्रिंग आणि मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. वर्षभरात गाडीवर सामान वाढतच गेलं. मागच्या हौद्यावर लोखंडी कॅनॉपी, टपावर तंबू, ८० लिटरची पाण्याची टाकी, दुसरी बॅटरी, फ्रिज, आणि मागच्या बंपरवर स्टेपनी अन् डिझेलचे दोन कॅन. आता गाडी मागून बसलेली दिसते, खड्ड्यात गेली की मागून धाडकन आवाज येतो आणि हायवेला स्टीअरिंग हलकं लागतं. मित्र म्हणतात पाट्यांना आधार द्यायला हवेची एअर बॅग टाक, मेकॅनिक म्हणतो शॉकअप बदल, मला वाटतंय गाडी उचलणारं दोन इंचाचं लिफ्ट किट टाकून एकदाचा विषय संपवावा. काय करू?

उत्तर: तिघांचंही ऐकू नका, म्हणजे तुमचं स्वतःचंही. आधी गाडी वजनकाट्यावर न्या. ट्रिपला निघता तशीच न्यायची, टाक्या फुल, सामान भरलेलं, माणसं बसलेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडीचं, वजाबाकी केली की मागच्या अ‍ॅक्सलवर किती आहे ते कळतं. हे आकडे गाडीच्या प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेशी लावून बघा, एकूण वजनाची मर्यादा वेगळी आणि प्रत्येक अ‍ॅक्सलची वेगळी असते. बऱ्याच जणांचं एकूण वजन कसंबसं बसतं पण मागचा अ‍ॅक्सल कधीच वर गेलेला असतो. आणि इथेच सांगून टाकतो, पाटे कितीही तगडे टाकले तरी ही मर्यादा वाढत नाही, कारण अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, चेसिस सगळं तेच राहतं. काही देशांत मर्यादा वाढवायचं प्रमाणित किट रीतसर नोंद करून बसवता येतं, पण ते वेगळं प्रकरण, नुसते पाटे बदलून ते होत नाही.

आता स्टीअरिंग हलकं का लागतं ते बघा, कारण यावर उपाय फुकटात आहे. स्टेपनी, तिचा लोखंडी स्टँड आणि भरलेले दोन कॅन मिळून १०० किलो धरू. हे वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे लटकतंय आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३ मीटर आहे असं समजा. मग मागच्या अ‍ॅक्सलवर १०० नाही, १४० किलो येतात, आणि वरचे ४० किलो पुढच्या अ‍ॅक्सलवरून कमी होतात. सी-सॉच आहे तो. म्हणजे मागचा भाग दबतो आणि पुढची चाकं हलकी होतात, दोन्ही एकाच सामानामुळे. म्हणून एक रुपया खर्च करायच्या आधी पाणी, बॅटरी, डिझेल जे जे जड आहे ते केबिनच्या भिंतीला चिकटून, खाली, अ‍ॅक्सलच्या पुढे घ्या. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, ते जर टेलगेटजवळ असेल तर तुमचं अर्धं दुखणं तिथेच आहे. टपावरचा तंबू तर मला कधीच आवडला नाही, आडव्या उतारावर गाडी कलंडायला लागली की त्याची किंमत कळते, पण ज्याची त्याची हौस.

सामान हलवून पुन्हा काटा केला की मग पाट्यांकडे या. वजन पेलायचं काम पाट्यांचं आणि कॉइलचं असतं, शॉकअपचं नाही. शॉकअप फक्त पाट्याचं उसळणं थांबवतो. त्यामुळे गाडी बसली म्हणून शॉकअप बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पाटे घेताना 'हेवी ड्यूटी' या शब्दाला काही अर्थ नाही, विचारायचं ते एवढंच की कायम किती किलो लोड धरून हे बनवलेत. इथे 'कायम' महत्त्वाचं. कॅनॉपी, टाकी, बॅटरी रोजच गाडीवर असतात, ते कायम वजन. वर्षातून दोनदा भरलेलं सामान हे कायम नाही. वर्षातल्या त्या दोन ट्रिपांसाठी ४००-५०० किलोचे पाटे घेतले आणि एरवी गाडी रिकामी फिरवली तर मागची चाकं खडबडीत रस्त्यावर नाचतात, ग्रिप सुटते आणि पाठीचं खोबरं होतं ते वेगळंच. आणि फक्त मागे बघू नका, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) असेल तर पुढच्या कॉइलही त्या वजनाच्या हव्यात.

पाटे कडक झाले की मात्र शॉकअप बदलावेच लागतात, कारण कडक पाटा जास्त जोराने परत उसळतो आणि जुना शॉकअप त्याला आवरू शकत नाही. शॉकअप हालचालीची उष्णता करतो, तासभर खडबडीत रस्ता झाला की आतलं तेल तापतं, त्यात फेस होतो आणि गाडी होडीसारखी हेलकावायला लागते. म्हणून लोडवाल्या गाडीला जास्त तेल मावणारा जाड शॉकअप बरा, आणि तो पाट्यांशी जुळणारा हवा, शक्यतो एकाच सेटमधला.

एअर बॅगचं म्हणाल तर, पाट्याच्या गाडीत चेसिसवर भार दोन जागी येतो, पाट्याच्या पुढच्या टोकाला आणि मागे शॅकलला, म्हणजे पाटा जिला जोडलेला असतो त्या हलत्या कडीला. बॅग बसते बरोबर अ‍ॅक्सलच्या वर, आणि ती फुगवून सगळी गाडी उचलली की तोच भार चेसिसच्या एका ठिकाणी येतो, मागे सामान लटकलेलं, वर खड्ड्यांचे दणके. केबिनच्या मागे चेसिस वाकलेल्या डबल केबिन पिकअपचे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हीच जोडी असते, मागे लांबवर लटकलेलं वजन आणि टम्म फुगवलेली बॅग. पाटे बरोबर असताना, कधीतरी वाढलेल्या वजनापुरती थोडी हवा भरून लेव्हल करायला बॅग ठीक आहे. डाव्या-उजव्या बॅगची लाईन मात्र वेगळी ठेवा, एकच असेल तर वळणावर हवा दबलेल्या बाजूकडून दुसरीकडे पळते आणि गाडी अजून झुकते.

लिफ्टची हौस असेल तर ५० मिलिमीटरच्या आत भागवा, त्यापुढे पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन बिघडतात, सस्पेन्शनचे वरचे आर्म बदलायची वेळ येते. अलाइनमेंट करायचीच, हेडलाइट खाली करायचे, ब्रेकचे होज ताणले जात नाहीत ना ते चाक पूर्ण लटकवून बघायचं. आणि एक गोष्ट फिटर हमखास विसरतात. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेला, लोडप्रमाणे ब्रेक ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागून गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, मग तो मागचे ब्रेक कमी करतो, आणि तुम्ही तर फुल लोडमध्ये! त्याचा दांडा अ‍ॅडजस्ट करून घ्या.

बसवताना पाटे आवळून धरणारे यू बोल्ट नवीनच घ्या, हजारएक किलोमीटरच्या आत परत टाइट करा. रबर बुशचे बोल्ट गाडी जमिनीवर उभी असताना कसायचे, जॅकवर कसले तर बुश पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

प्रश्न: नवे पाटे घेण्यापेक्षा जुन्यातच एक जास्तीचा पाटा टाकला किंवा जुन्यांना कमान देऊन घेतली तर चालेल का?

उत्तर: जुने पाटे अजून ताठ असतील आणि वजन थोडंच वाढलेलं असेल तर एक पाटा चालतो. पण जाडी बघून टाका, पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो, १० टक्के जाड म्हणजे साधारण ३३ टक्के कडक. जुने थकलेले असतील तर सगळं काम नवाच करतो आणि एक दिवस मोडतो. कमान देण्याचं मी स्वतः करून बसलोय, गार पाट्यावर ठोकून दिली होती, तीन महिन्यांत गाडी होती तिथे. नीट तापवून पाणी देऊन केलं तरच टिकतं, आणि तसं करणारा माणूस मिळायला हवा.

प्रश्न: शॉकअप गेलाय हे कसं ओळखायचं?

उत्तर: बाहेर तेल आलेलं दिसलं तर कळतंच. नाहीतर खडबडीत रस्त्यावर अर्धा तास चालवा, उतरून चारही शॉकअपजवळ हात न्या, चटका बसेल म्हणून एकदम पकडू नका. एका अ‍ॅक्सलवरचा एक गरम आणि दुसरा गार असेल तर गार तो गेलेला. जोडीने बदला.