घरी केलेल्या टाय-डाय शर्टांचा रंग पहिल्याच धुण्यात का गेला, आणि तो पक्का कसा करावा?

आपण लिहिले आहे की दिवाळीच्या सुट्टीत निपाणीच्या घरी दोन्ही मुलांना बरोबर घेऊन आपण पांढरे शर्ट दोऱ्याने बांधले, बाजारातून आणलेली रंगाची पूड मीठ आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्यात कालवून त्यात ते बुडवले, आणि दोन तासांनी गाठी सोडल्या तेव्हा नक्षी सुंदर दिसत होती. मात्र पहिल्याच धुण्यात बादलीभर रंग वाहून गेला आणि शर्टांवर फिकट डाग तेवढे उरले. बांधण्यात काही चुकले का, असे आपण विचारले आहे. बांधण्यात आपले काहीच चुकलेले नाही. रंगाची जात चुकली, व्हिनेगर नको होते, आणि दोन तास फार कमी पडले.

मी बेळगावात, वडगाव भागात राहते. आमच्या घरी पूर्वी माग होते आणि माझे मामंजी तरुणपणी सुताच्या लडी रंगवण्याचे काम स्वतः करत असत. आम्ही घरात पहिल्यांदा असे शर्ट केले तेव्हा मीही मीठच वापरले होते आणि त्या धुण्यात मुलाचा शाळेचा पांढरा शर्ट गुलाबी झाला. मामंजींनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "रंग सुताला लागलाय, बसलेला नाही." लागणे आणि बसणे यांतला फरक एकदा समजला की पुढचे सगळे काम सोपे होते, म्हणून त्याबद्दल मी थोडे सविस्तर लिहिते.

रंगपंचमीचा रंग कापडाला लागतो. आमच्या वडगाव-शहापूर भागात पंचमीला रंग खेळून आलेल्या मुलांचे कपडे पाहा. रंग धाग्यांच्या पृष्ठभागावर आणि फटींमध्ये नुसता अडकलेला असतो आणि साबण लागला की सुटू लागतो. बाजारात कपड्यांसाठी म्हणून जी सुटी पूड मिळते ती बहुधा डायरेक्ट प्रकारच्या रंगाची असते. हा रंग उकळत्या पाण्यात मीठ घालून द्यावा लागतो आणि तसा दिला तरी प्रत्येक धुण्यात थोडा थोडा उतरतच राहतो. गार पाण्यात तर तो जवळजवळ बसतच नाही. आपल्याला हवा आहे तो रिॲक्टिव्ह रंग. या रंगाचा कण सुती धाग्यातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंधाने जोडला जातो आणि धाग्याचाच भाग होऊन राहतो. असे रंग 1956 साली इंग्लंडच्या आय.सी.आय. कंपनीने प्रोसियन या नावाने प्रथम बाजारात आणले आणि आज घरोघरी होणारे टाय-डाय मुख्यतः याच कुळातल्या रंगांवर चालते. दुकानात मागताना "कोल्ड ब्रँड" किंवा "एम ब्रँड" रिॲक्टिव्ह असे स्पष्ट सांगावे. "हॉट" किंवा "एच ब्रँड" हाही रिॲक्टिव्हच असतो, पण त्याला सुमारे 80 अंशांपर्यंत तापलेले पाणी लागते, त्यामुळे मुलांबरोबर करायच्या कामासाठी तो उपयोगाचा नाही.

हा बंध जुळायला अल्कली, म्हणजे सोडा लागतो. व्हिनेगर हे आम्ल आहे. लोकर आणि रेशीम यांच्या आम्लरंगांना ते मानवते, म्हणून "रंग पक्का करायला व्हिनेगर" ही समजूत सगळीकडे पसरली आहे. पण सुती कापडावर ते घातले की सोड्याचा परिणामच मारला जातो. मीठ अपाय करत नाही. मोठ्या भांड्यातल्या पाण्यातून रंगाला कापडाकडे ढकलण्याचे काम ते करते, मात्र रंग धरून ठेवण्याची ताकद त्यात नाही.

सोडा घेतानाही एक घोटाळा हमखास होतो. खाण्याचा सोडा येथे चालत नाही, तो फार सौम्य असतो. लागतो तो धुण्याचा सोडा, आणि त्याचीही कोरडी पूड, जिला सोडा ॲश म्हणतात. किराणा दुकानात काही वेळा स्फटिकांच्या रूपातला धुण्याचा सोडा मिळतो. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणीच असते, म्हणून तो कोरड्या पुडीच्या अडीच पटींहून थोडा अधिक घ्यावा. कोरडी पूड दर लिटर कोमट पाण्याला 50 ते 60 ग्रॅम पुरते. शर्ट या पाण्यात 15 ते 20 मिनिटे बुडवून ठेवावेत आणि घट्ट पिळून घ्यावेत. सोडा डोळ्यांत गेला तर फार झोंबतो आणि हातांची कातडीही कोरडी पाडतो, म्हणून हा भाग मोठ्यांनी हातमोजे घालून करावा आणि मुलांच्या हाती पिळलेला शर्टच द्यावा.

सोडा रंगाच्या बाटलीतच का मिसळू नये, असे माझ्या मुलीने विचारले होते आणि तो प्रश्न योग्य होता. सोडा मिळाला की रंग लगेच बंध जोडू लागतो. समोर कापड नसेल तर तो पाण्याशीच जोडला जातो आणि तास-दोन तासांत निकामी होतो. म्हणून सोडा कापडात मुरवायचा आणि रंग साध्या पाण्यात कालवायचा, म्हणजे दोघांची गाठ नेमकी धाग्यावर पडते. साधा कालवलेला रंगही आठवड्याभरात दुबळा होतो, तेव्हा लागेल तेवढाच करावा. पाव लिटर पाण्याला 5 ते 8 ग्रॅम रंग घेतला की गडद छटा येते. पूड आधी चमचाभर पाण्यात कालवून तिची गुठळी मोडावी आणि मग बाकीचे पाणी घालावे. ही पूड फार हलकी असते आणि श्वासातून गेल्यास काहींना दम्यासारखा त्रास जडू शकतो; म्हणून पंखा बंद करून, तोंडाला मास्क लावून, मुलांना बाहेर पाठवून मी रंग कालवते. त्यासाठी वापरलेली भांडी आणि चमचे पुन्हा स्वयंपाकघरात आणू नयेत, हे मी फार काटेकोरपणे पाळते. पाणी शक्यतो मऊ असावे. आमच्याकडे राकसकोप जलाशयाचे नळाचे पाणी चांगले चालते, बोअरचे पाणी घेतले की सोड्याबरोबर पांढरा साका बसतो आणि रंग मळकट येतो.

शर्टाच्या कापडाचीही खात्री करून घ्यावी, कारण पॉलिस्टरवर हे रंग मुळीच बसत नाहीत. लेबलावर शंभर टक्के सुती असे लिहिलेले असावे. लेबल नसेल तर आतल्या शिवणीतला एक धागा काढण्याऐवजी कापडाचाच धागा काढून मोठ्यांनी तो जाळून पाहावा: सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. शिवणीचा धागा बहुतेक वेळा पॉलिस्टरचाच असतो, त्यामुळे रंगवलेल्या शर्टावर शिवणी पांढऱ्या दिसतात. तो दोष समजू नये. नवा शर्ट आधी गरम पाण्यात साबणाने धुवावा. कापडाला खळ असेल तर रंग आत शिरत नाही, हे मागावरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता बांधण्याकडे येते, कारण घरातल्या सगळ्यांना खरा आनंद येथेच मिळतो. चक्राकार नक्षीसाठी ओला शर्ट जमिनीवर पसरावा, छातीच्या मधोमध कपड्यांचा चिमटा उभा धरून तो फिरवत जावे आणि दुसऱ्या हाताने चुण्या एकसारख्या आवळत शर्टाची चकलीसारखी गुंडाळी करावी. चुणी दोन बोटांपेक्षा उंच उठू देऊ नये, नाहीतर आतल्या घडीला रंगच पोहोचत नाही. गुंडाळीवर तीन रबरबँड आडवेतिडवे चढवले की कलिंगडाच्या फोडींसारखे सहा भाग पडतात आणि प्रत्येक भागात एक रंग देता येतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याची गुंडाळी सैल होते आणि रंग एकमेकांत उतरतात, पण त्याच्या शर्टावर जी ढगासारखी छटा येते ती मला माझ्या नेटक्या चक्रापेक्षा आवडते.

मामंजी मात्र रबरबँडला हात लावत नाहीत. ते मागाचा दोरा घेतात, कापडाखाली हरभऱ्याचा दाणा धरतात, त्याच्या मानेभोवती सहा-सात वेढे घालून दोरा ओढतात आणि तो न तोडता पुढच्या दाण्यावर जातात. कच्छ आणि राजस्थानातली बांधणी याच तत्त्वावर चालते, आणि पाटणचा पटोला विणण्याआधी रेशमाच्या लडीही अशाच बांधून रंगवतात. बांधलेल्या जागी रंग जात नाही, एवढीच सगळी युक्ती आहे. पहिल्या वेळी आमचे हरभरे रात्रभर ओल्या कापडात फुगले, दोरा कापडात रुतून बसला आणि गाठी सोडवताना अर्धा तास गेला. कडी मात्र इतकी रेखीव उमटली होती की आज्जांच्या शर्टावरून मुलांच्यात भांडण लागले. आता आम्ही हरभऱ्याऐवजी लहान गोट्या वापरतो. गाठ सोडताना ब्लेड लावू नये, कापड हमखास कापले जाते.

रंग निवडताना पिवळा, गडद गुलाबी आणि फिरोजी निळा हे तीन घेतले तरी पुरतात. पिवळ्याशेजारी गुलाबी आला की मध्ये केशरी उमटतो, पिवळ्याशेजारी निळा आला की हिरवा. केशरी आणि निळा किंवा गुलाबी आणि हिरवा शेजारी ठेवले तर ते मिळतात तेथे तपकिरी चिखल होतो. मुलाला भगवाच हवा होता; त्यासाठी भरपूर पिवळ्यात गुलाबी थेंबाथेंबाने घालावा, कारण तो फार जोरकस असतो आणि एक चमचा जास्त पडला तरी सगळे लाल करून टाकतो. रंग सॉसच्या पिळायच्या रिकाम्या बाटलीतून चुण्यांच्या आत टोक घालून द्यावा, गुंडाळी उलटून दुसऱ्या बाजूनेही द्यावा, आणि ती जाळीवर ठेवावी, म्हणजे खाली गळलेल्या रंगात ती बसून राहत नाही.

यानंतरचा भाग मुलांना सर्वांत अवघड जातो. गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून 12 ते 24 तास तशीच ठेवायची असते. कापड वाळले की बंध जुळणे थांबते, म्हणून पिशवी हवीच. काही जण ओलावा टिकवायला रंगात युरिया घालतात. पण आपल्याकडे शेतीसाठी मिळणारा युरिया कडुनिंबाचे तेल लावलेला असतो, तो मी वापरत नाही आणि पिशवी नीट बांधली तर त्याची गरजही पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ऊब. साधारण 21 अंशांच्या खाली हे काम फार मंदावते, आणि आपल्या भागात दिवाळीनंतरच्या रात्री किंवा पावसाळ्यातले दिवस तेवढे गार असतातच. एका डिसेंबरात आमचे पिवळे आणि गुलाबी उत्तम आले आणि फिरोजी जवळजवळ सगळा वाहून गेला, कारण तो या तिघांत सर्वांत सावकाश बसणारा रंग आहे. तेव्हापासून थंडीत मी पिशव्या झाकणाच्या डब्यात ठेवून त्यात गरम पाण्याची बाटली ठेवते, किंवा न्हाणीघरातल्या बंबापासून सुरक्षित अंतरावर त्यांना जागा देते. आपण दिवाळीत दोन तासांनी शर्ट सोडले, म्हणजे योग्य रंग असता तरी तो पुरता बसला नसता. एप्रिल-मे हा या कामाचा खरा हंगाम आहे.

सकाळी गुंडाळी न सोडताच वाहत्या गार पाण्याखाली धरावी, म्हणजे सोडा आणि सुटा रंग आधी निघून जातो. मग गाठी सोडून पुन्हा गार पाणी, आणि त्यानंतर हात भाजेल इतक्या गरम पाण्यात साबण घालून शर्ट एकेक करून 10 ते 15 मिनिटे काठीने बुडवून ठेवावेत. पाण्याचा रंग निवळेपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे लागते. न बसलेला रंग गरम पाण्यानेच निघतो. तो येथे काढला नाही तर पुढे महिनाभर तुमच्या इतर कपड्यांना लागत राहतो. हे पाणी मी बागेत किंवा विहिरीजवळ ओतत नाही आणि मुळात रंगच मोजून कालवते, कारण आमच्याकडचे सांडपाणी बळ्ळारी नाल्याला मिळते आणि तो नाला शेतांमधून वाहतो. पुढची तीन धुणी शर्ट वेगळे धुवावेत आणि उलटे करून सावलीत वाळवावेत.

आपले फिके पडलेले शर्ट टाकून देऊ नका. ते सुती असतील तर व्हिनेगरचा अंश जाईपर्यंत गरम पाण्यात साबणाने दोन वेळा धुऊन घ्या आणि त्यांनाच सोड्याच्या पाण्यात बुडवून पुन्हा बांधा. जुने फिकट डाग नव्या गडद रंगाखाली पुष्कळसे झाकले जातात, आणि जेथे दिसतात तेथे दोन रंगांच्या मधली एक हलकी छटा मिळते, जी कोऱ्या शर्टावर येत नाही. फक्त या वेळी शनिवारी दुपारी बांधा, म्हणजे गाठी सोडायला रविवारची सकाळ मिळेल आणि मुलांना शाळेच्या घाईत पिशवी उघडावी लागणार नाही.