कोड कंपाइल होतो, तरी व्हीएस कोडमध्ये लाल रेघा का?

टर्मिनलवर तुमचा सी++ प्रोग्राम बिनतक्रार कंपाइल होतोय आणि व्हीएस कोड हा एडिटर मात्र पन्नास एरर दाखवतोय, म्हणजे बहुधा कोड ठीक आहे, एडिटरचा गैरसमज झालाय. त्या रेघा कंपायलर मारत नाही. ते काम इंटेलिसेन्स नावाचं वेगळं इंजिन करतं आणि बिल्डला दिलेले फ्लॅग (कंपायलरसाठीच्या सूचना) त्याला कळले असतीलच असं नाही. समजा, हेडरचा फोल्डर मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) दिलाय, तो कंपायलरला सापडतो, इंटेलिसेन्सला नाही. मग त्या हेडरमधला प्रत्येक टाइप अनोळखी! म्हणून फक्त सगळ्यात वरची एरर वाचा, बाकीच्या बहुतेक तिच्याच पोटच्या असतात.

बिल्डसाठी सीमेक हे टूल वापरत असाल तर 'सीमेक एक्स्पोर्ट कंपाइल कमांड्स' हा पर्याय ऑन करून पुन्हा कॉन्फिगर करा. बिल्ड फोल्डरात कंपाइल कमांड्सची जेसन फाइल तयार होते. तिचा पाथ सी/सी++ एक्स्टेन्शनच्या कॉन्फिगरेशनमध्ये द्या. सीमेक नसेल तर तिथेच इन्क्लूड पाथ हाताने भरा. भाषेचं स्टँडर्डही तपासा: बिल्ड सी++20 वर आणि एडिटर सी++17 वर असेल तर कॉन्सेप्ट्सच्या (सी++20 मध्ये आलेली, टेम्प्लेटवर अटी घालायची सोय) प्रत्येक ओळीवर बोंब.

एवढं करूनही रेघा हटत नसतील तर कमांड पॅलेटमधून (एडिटरच्या कमांड शोधून चालवायची पट्टी) इंटेलिसेन्स डेटाबेस रीसेट करा.

रेघा बंद करायचं सेटिंगही आहे, पण त्याच्या वाटेला जाऊ नका. खऱ्या चुकाही झाकल्या जातात.