परभणीतल्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये ऑफिस करता येईल का?

येईल, पण काचा आणि फॉल्स सीलिंगचा विचार शेवटी करा. आधी छत बघा.

तुम्ही लिहिलंय की वर सिमेंटचे पत्रे आहेत. जुने असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असणार असंच धरून चाला. पंख्याचे हूक बसवायला त्यात भोकं पाडू नका, फोडून खाली तर मुळीच टाकू नका. त्याची धूळ फुफ्फुसात जाते. पाण्याने भिजवून, नट-बोल्ट सोडवून अख्खे पत्रे जाणकार माणसाकडूनच उतरवून घ्या. त्यांच्या जागी पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा फोम भरलेले तक्ते) टाका. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो, साध्या पत्र्याखाली एसी कितीही लावा, हाल कुत्रं खाणार नाही. उंची मात्र जपा, गरम हवा वर राहते. छताखाली झरोके असतील तर बुजवू नका.

भिंती दगड-मातीच्या असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पोटमाळा बांधू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशाच जड भिंतींनी घात केला.

कागदपत्रांत वापर बदलाची परवानगी (महापालिका, नाहीतर एमआयडीसी) आणि फायर एनओसी.

एक गोष्ट बरेच जण विसरतात: विजेचं कनेक्शन. औद्योगिक दरावर ऑफिस चालवलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. कनेक्शन आधीच व्यावसायिक करून घ्या. दर जास्त आहे, इलाज नाही.