लाकडी अंगाची वॅगन घेण्यापूर्वी

आपण 1951 ची फोर्ड कंट्री स्क्वायर, म्हणजे बाजूंना लाकूड असलेली अमेरिकन स्टेशन वॅगन (मागे सामानाची जागा असलेली लांब मोटार), घेण्याबद्दल विचारले आहे. तिचे क्रोम आणि नवा रंग पाहून भुलू नये, कारण या गाडीचा खरा खर्च इंजिनात नसून लाकडात असतो. 1950 आणि 1951 च्या स्क्वायरच्या बाजूंना खरे लाकूड आहे. 1952 च्या नव्या रचनेपासून लाकडी चौकटीमधल्या पत्र्याच्या भागांवर लाकडाचा आभास देणारी फिल्म आली, म्हणून विक्रेत्याला आधी गाडीचे उत्पादन साल विचारावे. दाराची खालची कड आणि मागच्या झडपेचे (डिकीच्या दाराचे) सांधे नखाने दाबून पाहावेत. व्हार्निशखाली काळपट डाग असतील तर तिथे पाणी मुरले आहे, आणि सांध्यात लाकडाऐवजी पुट्टी भरलेली दिसली तर त्या दुरुस्तीला पुनरुज्जीवन म्हणू नये. दार उघडताच खाली लोंबत असेल तर आतली चौकट सैल झाल्याची शक्यता धरावी. या गाडीतले फ्लॅटहेड व्ही-8, म्हणजे सपाट डोक्याचे आठ सिलिंडरचे इंजिन, तापते, हे प्रसिद्धच आहे. त्यामुळे इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत गाडी चालवून पाहावी, मात्र त्याचे सुटे भाग सहज मिळतात. लाकडाची दुरुस्ती झाली असेल तर त्या कामाचे, सांधे उघडे असतानाचे फोटो मागावेत. ते नसतील तर किंमत निम्म्यावर आणूनच बोलणी करावीत.